ट्रंकेतली उरलीसुरली लोकर आणि बाळाचा स्वेटर

बहुतेक घरांत माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असतेच. तिच्यात गोधडीला ठेवलेली जुनी लुगडी, लेकीच्या शाळेतले भरतकामाचे नमुने आणि तळाशी लोकरीचे गुंडे. कुठला स्वेटर विणून उरलेला अर्धा गुंडा, कुठला मफलरचा, तर एखादा लिंबाएवढा, का ठेवला तेही आठवत नाही असा. नवीन काम काढले की आपण दुकानात जाऊन नवीन लोकर आणतो, आणि त्यातली उरलेली पुन्हा ट्रंकेत जाते. माझ्या ट्रंकेतही असे वीस वर्षांचे साठलेले होते. ते बाहेर काढायची वेळ आली ती हौसेने नव्हे, गरजेने.

२०१९ सालची दिवाळी आमच्या निफाडकडच्या द्राक्षपट्ट्यात कुणी गोडाने साजरी केली नाही. ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस थांबेना. छाटणी झालेल्या बागांत कोवळे घड कुजले, काही गळून गेले, उरलेल्यांवर डाऊनी आली. औषधांचे पैसे अंगावर आणि माल हातात नाही, अशी गत. त्याच दिवसांत थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जानेवारीअखेरचे दिवस दिले होते. आमच्याकडची जानेवारीतली थंडी पेपरात छापून येते. तेव्हा बाळाला स्वेटर, टोपी, पायमोजे हवेतच. पण त्या वर्षी दुकानात जाऊन लोकर आणावी असे मला वाटेना, आणि ह्यांच्याजवळ पैसे मागावेत असे तर मुळीच वाटेना. ट्रंक खाली उतरवली.

पुस्तकातला नमुना साधा होता. छाती २० इंच, म्हणजे बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घालता येईल असा. जाड लोकर १५० ग्रॅम, ४ मिलिमीटरची सुई, इंचाला ४ खांब. माझ्याकडे पिस्त्याच्या रंगाची बारीक लोकर बऱ्यापैकी होती. म्हटले, लोकर बारीक तर सुईही बारीक घेऊ. ३ मिलिमीटरची सुई घेतली आणि पुस्तकात सांगितले तसे सगळ्या अंगाचे मिळून ८० खांब घालून विणत सुटले. आठ-दहा रात्री बसले. काम सुबक झाले होते, नाही असे नाही.

तेवढ्यात आमच्या आत्याबाई, म्हणजे ह्यांच्या आत्या, लेकीला भेटायला आल्या. त्यांनी पूर्वी तालुक्याला बायकांचे शिवणवर्ग घेतले आहेत. त्यांच्या पिशवीत टेप नाही असा दिवस नसतो. स्वेटर हातात घेऊन त्यांनी खाटेवर पसरला, टेप लावली आणि म्हणाल्या, "सूनबाई, हा २० इंच आहे होय? हा तर १६ भरला."

मी म्हटले, "आत्याबाई, पुस्तकाबरहुकूम मोजून ८० खांब घातलेत हो."

"खांब पुस्तकाचे घातलेस, पण लोकर पुस्तकाची घेतलीस का? तुझे इंचाला ५ बसलेत. ८० भागिले ५ किती?"

किती ते मला कळले. बाळाची छाती जन्मतः तेरा इंचांच्या आसपास असते. आत झबले, वर स्वेटर. १६ इंची स्वेटर बारशाला कसाबसा अंगात जाईल आणि महिन्या-दीड महिन्यात तोकडा पडेल. मी तिथेच उसवायला बसणार होते. आत्याबाईंनी तो माझ्या हातून काढून घडी घालून ठेवला. म्हणाल्या, "झालेलं असू दे. आधी ट्रंकेत काय काय आहे ते दाखव." त्या तीन दिवस राहिल्या. त्यांनी जे शिकवले ते इथे लिहिते आहे. अशी ट्रंक असलेल्या आणखी किती तरी भगिनी असतील.

पेन्सिलीवरचे वेढे

लोकरीच्या गुंड्यावरची चिठ्ठी कधीच हरवलेली असते. मग जाडी ओळखायची कशी? पदर मोजून ओळखता येते असा पुष्कळ जणींचा समज असतो: तीन पदरी म्हणजे बारीक, चार पदरी म्हणजे जाड. तो खरा नव्हे. पदर किती आहेत याला महत्त्व नाही, प्रत्येक पदर किती जाड आहे याला आहे. बारीक चार पदरांची लोकर जाड दोन पदरांच्या लोकरीपेक्षा बारीक असू शकते. भरतकामाच्या दोऱ्याला तर सहा पदर असतात आणि तरी तो नाजूकच.

आत्याबाईंची रीत अशी. साधी पेन्सिल घ्यावी, तिच्यावर एक इंचाच्या दोन खुणा कराव्यात आणि त्या खुणांच्या मध्ये लोकर शेजारी शेजारी गुंडाळावी. वेढे एकमेकांना टेकले पाहिजेत, पण एकावर एक चढता कामा नयेत. लोकर ताणायची नाही, ती नुसती पेन्सिलीवर टेकवत न्यायची. मग वेढे मोजावेत. बाळाच्या कपड्यांना वापरतात ती बारीक लोकर इंचात १४ ते १६ वेढे घेते. नेहमीच्या स्वेटरची मध्यम लोकर ११-१२ घेते, त्याहून जाड असेल तर ९, आणि शालीची भरड लोकर ६-७. पुस्तकातल्या नमुन्याला ११ वेढ्यांची लोकर हवी होती. माझी पिस्ता रंगाची लोकर १६ वेढ्यांची निघाली. आणि मी एकीच्या जागी दुसरी डोळे मिटून घातली होती.

एका जागी फसायला होते ते सांगते. बारीक लोकर दोन पदरी घेतली की तिची जाडी दुप्पट होईल आणि वेढे निम्मे, म्हणजे १६ चे ८ होतील असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. १६ चे ११ होतात. आत्याबाईंनी हे सांगितले तेव्हा मला पटेना. मग ह्यांनीच ओसरीवरून उत्तर दिले: "एक इंची पाइपाच्या जागी दोन इंची टाकला तर पाणी दुप्पट नाही, चौपट जातं." तसेच हे आहे. धाग्याची जाडी दुप्पट करायची तर दोन नव्हे, चार धागे एकत्र धरावे लागतात. दोन धागे धरले की जाडी साधारण दीडपटीला थोडी कमी होते. माझ्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट होती, कारण १६ वेढ्यांची बारीक लोकर दुहेरी केली की पुस्तकाला हवी तेवढीच, ११ वेढ्यांची जाड लोकर तयार होत होती.

सोनाराच्या काट्यावर

जाडी कळली, पण पुरेल का? इथे बहुतेक जणी वजनावर जातात. पुस्तकात १५० ग्रॅम लिहिले, आपल्याकडे १५० ग्रॅम आहे, झाले. पण विणताना लागते ती लांबी. सुती दोरा जड असतो, ॲक्रिलिकची लोकर हलकी. सारख्याच जाडीचा १०० ग्रॅम सुती दोरा लोकरीपेक्षा लांबीला कमी भरतो. तेव्हा नमुना लोकरीचा आणि आपण वापरणार सुती दोरा, असे असेल तर वजन जुळवून उपयोग नाही.

आत्याबाईंनी प्रत्येक लोकरीचे १० मीटर मोजून तोडायला लावले. मोजताना टेपेवर लोकर सैल ठेवावी. ते तुकडे नाव लिहून पुड्यांत बांधले आणि बाजारच्या दिवशी मी ते सोनाराकडे नेले. किराणा दुकानातल्या काट्यावर दोन-चार ग्रॅम कळत नाहीत, सोनाराच्या काट्यावर कळतात. सोनार हसला, पण मोजून दिले. दुकानात आलेल्या एका बाईंना वाटले मी बाळाच्या वाळ्यांचीच चौकशी करायला आले आहे. त्या वर्षी वाळे कुठले!

बारीक लोकरीचे १० मीटर सव्वादोन ग्रॅम भरले. जाड लोकरीचे साडेचार. आता हिशेब सोपा आहे. एखादा बारीक गुंडा ४५ ग्रॅम भरला तर ४५ ला सव्वादोनने भागावे. आले २०. म्हणजे दहा-दहा मीटरचे २० तुकडे, अर्थात २०० मीटर लोकर. पुस्तकातली १५० ग्रॅम जाड लोकर म्हणजे मोटामोटी ३३० मीटर. ती बारीक लोकरीने दुहेरी विणायची तर ६६० मीटर हवी, आणि ६६० मीटर बारीक लोकरीचे वजनही १५० ग्रॅमच्या आसपासच होते. एकाच जातीची लोकर दुहेरी करून वापरली तर वजन पुस्तकातलेच धरून चालता येते, हा त्यातला फायदा.

आणि बारीक लोकर एकेरीच ठेवून, खांबांची संख्या वाढवून विणले तर? तेही करता येते. २० इंचाला इंचाला ५ प्रमाणे १०० खांब घालायचे. ओळीही त्याच मानाने वाढतात. टाके दीडपटीहून थोडे जास्त होतात, पण प्रत्येक टाका लहान असल्याने लांबी सव्वापट, म्हणजे सव्वाचारशे मीटरच्या आत लागते; वजनाने ९५ ग्रॅम. लोकर कमी, कापड पातळ, पण हाताला काम दीडपट. ज्यांच्याकडे लोकर थोडी आणि वेळ भरपूर आहे त्यांनी हा मार्ग घ्यावा. माझे उलटे होते. दिवस भरत आले होते, आणि थंडीला जाड कापड हवे होते. मी दुहेरी धाग्याचा मार्ग घेतला.

सुयांविषयी इथेच सांगून टाकते. जुन्या सुयांवर मिलिमीटर नसून नंबर असतो, आणि तो उलटा चालतो: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १४ नंबरची २ मिलिमीटरची. लेस विणायच्या बारीक पोलादी सुयांचे नंबर आणखी निराळे. नंबरांच्या नादी न लागता ह्यांच्या ड्रिलच्या बिटांनी प्लायवुडच्या तुकड्याला २, ३, ४, ५ मिलिमीटरची भोके पाडून घेतली. सुई ज्या भोकात नेमकी बसते तो तिचा आकार. कापूस पिकवणाऱ्या भगिनींना सुताचा नंबर ओळखीचा असेल, तिथेही असेच उलटे असते. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो सुताचा नंबर. २० नंबरच्या सुताच्या पौंडात २० लडी, ४० नंबरच्या ४०; म्हणजे नंबर मोठा तितके सूत बारीक. तोरणासाठी क्रोशाचा दोरा घेतानाही हेच लक्षात ठेवावे: ४० नंबरचा दोरा २० नंबरच्या दोऱ्यापेक्षा बारीक.

जाळून पाहा, धुऊन पाहा

वजनाच्या आधी एक परीक्षा करावी लागते. निरनिराळ्या जातीचे धागे एकाच कपड्यात घातले तर पहिल्या धुण्यातच पंचाईत होते. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमद्यासारखी होते. सुती धागाही थोडा आटतो. ॲक्रिलिक जागचे हलत नाही. मग अर्धा स्वेटर आवळतो, अर्धा तसाच राहतो आणि मध्ये चुण्या पडतात.

ओळखण्यासाठी बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, पणतीवर धरावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि पदर आवरून बसावे. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योतीबाहेर काढली की विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. सुती धागा कागदासारखा जळतो, राख करडी आणि मऊ. ॲक्रिलिक वितळत जळते आणि थंड झाल्यावर काळा टणक मणी उरतो. तो गरम असताना बोट लावाल तर चिकटेल, सांभाळा. याच कारणाने चुलीवरचे पातेले उचलायला क्रोशाच्या चौकोनी चिंध्या विणता त्या ॲक्रिलिकच्या कधीही विणू नयेत, सुतीच घ्याव्यात.

माझ्या ट्रंकेतला एक गुंडा खऱ्या लोकरीचा निघाला, चांगला तपकिरी, मऊ. जीव त्यात अडकला होता, पण बाजूला काढला. एक लाल सुती दोरा होता, तो ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला तर सकाळी फडके गुलाबी. तोही गेला. त्याचे पुढे पोळ्याला बैलांच्या शिंगांचे गोंडे झाले, आणि गोंड्यांना जाडी, जात, रंग जाणे कशाचाच नियम नाही. तिथे सगळे खपते. उंबऱ्याचे तोरण, देवापुढचे आसन, पिशवी यांनाही थोडी उणीदुणी चालते. माप जिथे अंगाला बसायचे तिथेच नियम कडक.

जुना स्वेटर उसवून लोकर काढणार असाल तर आधी त्याच्या कडेची शिवण पाहावी. हाताने विणलेल्या स्वेटरचा धागा सलग निघतो. यंत्राच्या कापडातून कापून शिवलेल्या स्वेटरची प्रत्येक ओळ शिवणीपाशी तुटलेली असते. तो उसवलात तर हातात नुसते वीत-दोन वितीचे तुकडे येतील. उसवलेली लोकर नागमोडी असते. ती तशीच पेन्सिलीवर गुंडाळली तर वेढे चुकीचे येतात. खुर्चीच्या पाठीवर लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगून वाळवावी, मग मोजावी. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून ठेवण्यापूर्वी ऊन द्यावे आणि डबा घट्ट झाकणाचा घ्यावा.

दोन धागे एका सुईवर

सगळे गाळून माझ्याकडे उरली ती अशी: मोतिया रंगाची बारीक लोकर ७० ग्रॅम, आकाशी बारीक ५० ग्रॅम, पिवळी जाड ४० ग्रॅम. तिन्ही ॲक्रिलिक. एकूण १६० ग्रॅम, आणि हवी होती १५०. आत्याबाई म्हणाल्या, "जमेल, पण हात आखडून." मोतिया आणि आकाशी एकत्र धरून अंग विणायचे, उरलेली मोतिया दुहेरी करून आणि पिवळी एकेरी घेऊन बाह्या आणि काठ. पिवळी मुळात जाड असल्याने तिला जोडीदार नको. असे केले की प्रत्येक ओळीत जाडी सारखी राहते. जाड आणि बारीक लोकरीचे पट्टे एकाच सुईने, न जुळवता विणले तर बारीक ओळी आत ओढल्या जातात आणि कपड्याची कड करवतीसारखी होते. पुष्कळ शालींच्या कडा अशाच वाकड्या दिसतात.

मोतिया आणि आकाशी एकत्र धरून विणलेले कापड मला वाटले होते त्याहून देखणे झाले. ज्वारी आणि बाजरी एका सुपात मिसळावी तसे ठिपकेदार. नुसता आकाशी असता तर डाग दिसले असते. यात ते लपतात, हे बाळाच्या कपड्याला मोठेच सोयीचे.

दुहेरी धाग्याने विणताना दोन गुंडे दोन निरनिराळ्या डब्यांत ठेवावेत, नाही तर दहा मिनिटांत त्यांची वेणी होते. टाका काढताना सुई दोन्ही धाग्यांखालून गेली की नाही ते पाहावे. घाईत एकच धागा उचलला जातो आणि दुसऱ्याचा फास मागे लोंबत राहतो. मोठ्या माणसाच्या कपड्यात ते नुसते वाईट दिसते. बाळाच्या कपड्यात ते धोक्याचे असते. पायमोज्यात किंवा बाहीच्या आत सुटलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोटाचे रक्त अडते, आणि बाळ का रडते ते कुणाला कळत नाही. म्हणून बाळाचे विणलेले प्रत्येक वस्त्र उलटे करून, टोके खुडून, आतून बोट फिरवून पाहावे. गळ्याला बंद किंवा गोंड्याची दोरी लावू नये. गुंडी लावावी आणि ती दोनदा शिवून ओढून पाहावी. फार केसाळ लोकर बाळाला नको. घोंगडीचे सूत तर अंगावरच्या कपड्याला नकोच, मग ते घरचे कितीही असो.

आणि एवढे सगळे हिशेब करूनही आत्याबाईंनी लगेच कामाला हात लावू दिला नाही. आधी ४ इंचांचा चौकोन विण म्हणाल्या. वेढे आणि वजन लोकरीचे सांगतात, हात कुणाचा किती सैल ते सांगत नाहीत. चौकोन ४ मिलिमीटरच्या सुईने विणला, धुतला, सपाट पसरून वाळवला, मग मधल्या भागात खांब मोजले. ४ इंचात १६. बरोबर इंचाला ४. जर १७-१८ आले असते तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्यायची, १४-१५ आले असते तर लहान. धुण्याआधी मोजले तर कळत नाही. माझा चौकोन धुतल्यावर जरासा सैलावला होता. एका चौकोनाला ५ ग्रॅम लोकर गेली तेव्हा माझा जीव कासावीस झाला, कारण शिल्लक एकूण १० ग्रॅमचीच होती. पण आधी आठ रात्री गेल्या त्यापेक्षा ५ ग्रॅम बरे, असे मनाला समजावले.

विणकाम अर्ध्यावर आले की उरलेली लोकर पुन्हा वजन करावी. पाठ आणि दोन्ही पुढचे भाग झाले, एक बाही झाली. ती बाही विणायला २२ ग्रॅम लागली. उरली १९. म्हणजे दुसरी बाही मनगटापाशी अडणार हे विणण्याआधीच कळले. दोन बाह्या दोन तऱ्हेच्या करणे मला आवडेना. मग वाळवून जपून ठेवलेला तो चौकोन उसवला. त्याचे ५ ग्रॅम आले आणि बाही पुरी झाली. चौकोन उसवला तेव्हा आत्याबाई परत गावी गेल्या होत्या, फोनवर सांगितले तर म्हणाल्या, "म्हणून तर टोक कापू नकोस म्हणाले होते."

काम पुरे झाले ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे लेकीला कळा सुरू झाल्या. जवळजवळ तीन आठवडे आधी. मुलगी झाली, वजन २ किलो २०० ग्रॅम. जीव धास्तावला होता, पण बाळाची प्रकृती चांगली होती. पहिले काही दिवस तिला आईच्या उराशी, कातडीला कातडी लावून धरून ठेवायला सांगितले होते. लेक तशी तासन्‌तास बसायची आणि वरून मी शाल गुंडाळायची. बाहेर द्राक्षबागांत पहाटे लोक शेकोट्या पेटवत होते.

बारशाच्या दिवशी बाळाला आकाशी-मोतिया स्वेटर घातला तर तो तिच्या अंगाभोवती दोनदा फिरेल असा. हात बाहीत कुठे गेला ते सापडेना. सगळ्या बायका हसल्या. मी आत गेले आणि खणातून घडी घातलेला पिस्ता रंगाचा स्वेटर काढून आणला. तो झबल्यावरून नेमका बसला. त्याच स्वेटरवर नाव ठेवले, त्यातच फोटो निघाले.

आत्याबाई पाळण्याशेजारीच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी बाळाची गुंडी नीट लावली आणि हळूच मला म्हणाल्या, "बसला ते बरं झालं. पण सूनबाई, माप चुकलं होतं ते चुकलंच होतं."

आकाशी-मोतिया स्वेटर नातीने पुढचा सगळा उन्हाळा सोडून पावसाळ्यापर्यंत घातला.